कीटकभक्षी पक्षी: दख्खनच्या पठारावर गेल्या २५-३० वर्षांत काय घटलं, काय टिकलं?

माळरान

या विषयावर स्वतंत्र धागा हवा असं फार दिवस वाटत होतं. नीलपंखाच्या फोटोखाली, पाकोळ्यांच्या घरट्यांवरच्या चर्चेत, अगदी फवारणीच्या वादातही तेच वाक्य येतं: "पूर्वी तारांवर ओळीनं बसलेले असायचे, आता दिसत नाहीत." यात खरं किती आणि आठवणीनं घातलेली भर किती, हे वेगळं करून पाहू या.

आधी आकडे. २०२३ साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. देशभरातल्या तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे. एकूण ९४२ जातींचा विचार झाला, पण दीर्घकालीन कल, म्हणजे २००० सालाआधीच्या स्थितीशी तुलना, ३३८ जातींचीच करता आली. त्यातल्या २०४ घटल्या, ९८ जागेवर आहेत, ३६ वाढल्या. २०१५ पासूनचा अलीकडचा कल ३५९ जातींचा निघाला आणि त्यात १४२ घटत्या आहेत.

आहाराप्रमाणे पाहिलं तर फळं आणि मधुरस खाणारे पक्षी बऱ्यापैकी टिकून आहेत. घसरण आहे ती मांस खाणाऱ्यांत, मेलेली जनावरं खाणाऱ्यांत आणि कीटक खाणाऱ्यांत. आपल्या माळावरचा मोठा राखी खाटीक दीर्घकालीन तुलनेत ८० टक्क्यांहून जास्त घटला आहे. नीलपंख तर इतका ओळखीचा पक्षी की कर्नाटक, तेलंगणा आणि ओडिशा अशा तीन राज्यांनी त्याला राज्यपक्षी केलं. त्याचीही घट एवढी आहे की आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीतलं त्याचं स्थान पुन्हा तपासावं अशी शिफारस या अहवालानं केली.

आता दुसरी बाजू. याच अहवालात राखी वटवट्या वाढलेला आहे. कुंपणात, तुरीच्या शेतात, सोसायटीच्या बागेत शेपटी उडवत ओरडणारा तोच. तोही कीटकांवरच जगतो. मग एक घटला आणि दुसरा वाढला, असं का?

माझं म्हणणं असं की 'कीटकभक्षी' हा एकच गट धरून चालणार नाही. पाकोळ्या, भिंगऱ्या, वेडा राघू आणि रातवा हे उडते किडे हवेत टिपतात. नीलपंख आणि खाटीक उंच जागी बसून जमिनीवरच्या टोळांवर, भुंग्यांवर झडप घालतात. वटवट्या, शिंपी, चष्मेवाला पानापानांतून अळ्या वेचतात. हुदहुद आणि चंडोल जमिनीवर चालत खातात. यातल्या प्रत्येकाचं ताट वेगळं आहे, आणि कुठलं ताट रिकामं झालं ते शोधायचं आहे. किडे एकूण किती उरले यापेक्षा कुठले, केवढे आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात मिळतात, यावर पक्ष्याचं भवितव्य ठरतं असं मला वाटतं.

ज्यांच्याकडे जुन्या वह्या आहेत, ज्यांची शेती आहे, जे एकाच जागी वर्षानुवर्षं जातात, त्यांनी जरूर लिहा.

पायवाट

धागा आवडला, पण माझी एक मूळ शंका आहे. ई-बर्ड आपल्याकडे रुळून दहा-बारा वर्षं झाली असतील. नव्वदच्या दशकात मूठभर लोक दुर्बिणी घेऊन हिंडायचे, तेही निवडक जागी. आता हजारो लोक कॅमेरे घेऊन जातात. या दोन काळांची तुलना कशी काय करायची? उलट आज माणसं जास्त, तर पक्षीही जास्त दिसायला हवेत.

माळरान

@पायवाट, हा प्रश्न सगळ्यात आधी यायलाच हवा होता.

तिथे पक्ष्यांची डोकी मोजून बेरीज केलेली नाही. एका फेरीत दिसलेल्या आणि ओळखता आलेल्या सगळ्या जाती नोंदवल्या की ती पूर्ण यादी. अशा शंभर याद्यांपैकी किती याद्यांत कोतवाल आहे, हे पाहतात. निरीक्षक दहा असोत की दहा हजार, प्रमाण काढल्यावर त्या संख्येचा फरक बराचसा निघून जातो. दुसरं म्हणजे यादीची लांबी. जो माणूस साठ जाती नोंदवून येतो त्याला एखादा पक्षी सापडण्याची शक्यता पंधरा जाती नोंदवणाऱ्यापेक्षा जास्त, म्हणून हिशेबात यादीची लांबी धरतात. तिसरं, नकाशाचे चौकोन पाडून काम होतं, म्हणजे पुणे-मुंबईच्या आसपासच्या हजारो याद्यांनी बाकीचा प्रदेश झाकला जात नाही.

जुन्या काळच्या नोंदी म्हणशील तर अनेकांनी आपल्या जुन्या वह्या नंतर ई-बर्डवर चढवल्या. त्या कमी आहेत हे खरंच. म्हणूनच ९४२ पैकी ३३८ जातींचाच दीर्घकालीन कल निघाला. बाकीच्यांचा त्यांनी अंदाज ठोकला नाही, याचं मला मोठं कौतुक आहे.

पायवाट

यादीच्या लांबीचा मुद्दा पटला. तरी एक राहतंच. फोटो काढणारे लोक आता दुर्मीळ पक्ष्यामागे जातात, पूर्ण यादी करतच नाहीत.

माळरान

अपूर्ण याद्या या हिशेबात धरत नाहीत. फक्त पूर्ण याद्या.

कोरडवाहू

मी पक्षीनिरीक्षक नाही, शेतकरी आहे. कापूस, तूर, हरभरा. इथे लिहावंसं वाटलं कारण चर्चा फिरून फवारणीवर येणार आणि बोट आमच्याकडे वळणार, हे दिसतंय. म्हणून शेतातून जसं दिसतं तसं सांगतो.

हरभऱ्यात घाटेअळी येते तेव्हा पक्षीथांबे लावायला कृषी विभागच सांगतो. बांबूला आडवी काठी बांधून शेतात उभी करायची. कोतवाल त्यावर येऊन बसतो आणि अळ्या खातो, साळुंक्याही उतरतात. हे काम करतं. आमच्या वडिलांनी शिफारस ऐकलेली नव्हती, पण बांधावरची बोर आणि बाभूळ तोडू देत नसत, त्यामागे हेच होतं. पुढे वाटण्या झाल्या, बांध अरुंद झाले, ट्रॅक्टरला वळायला जागा हवी म्हणून झाडं गेली. पक्ष्याला बसायला जागा नाही, मग काठ्या रोवा असं सांगणारं पत्रक आलं. झाड होतं तेव्हा पत्रकाची गरज नव्हती.

आता औषधांचं. २००२ साली बीटी कापूस आला. बोंडअळीसाठीच्या फवारण्या सुरुवातीला खरंच कमी झाल्या, हे कुणी नाकारू नये. पण मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडी वाढल्या आणि त्यांच्यासाठी फवारे सुरू झाले. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईना, मग पुन्हा अळीची औषधं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले, ते सगळ्या देशानं वाचलं. त्या वर्षी आमच्या भागात कुणाच्याही घरी पक्ष्यांचा विषय निघाला नसता. माणसंच दवाखान्यात होती.

आणि एक गोष्ट शहरातल्या लोकांना माहीत नसते. कापसाचं बी पाकिटातून येतं तेच रंगीत, औषध चोळलेलं. ते नको म्हणायची सोय माझ्याकडे नसते. फवारणी कधी करायची हे मी ठरवू शकतो, बियाण्यावरचं औषध मी ठरवत नाही.

आकडेमोड

कोरडवाहू, तुमचा शेवटचा परिच्छेद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. बियाण्याला चोळतात त्यात इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक असतं, निदान कापसात तरी ते सर्रास वापरलं गेलं आहे. हे औषध झाडाच्या अंगात भिनतं. पण बियाण्यावर लावलेल्यातला थोडाच भाग रोप घेतं, उरलेलं मातीत राहतं आणि पावसाबरोबर पाण्यात उतरतं.

यावर नेदरलँड्समधला अभ्यास पाहण्यासारखा आहे, २०१४ साली 'नेचर'मध्ये आलेला. ज्या भागात ओढ्या-कालव्यांच्या पाण्यात लिटरमागे २० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त इमिडाक्लोप्रिड होतं, तिथे कीटकभक्षी पक्षी सरासरी वर्षाला ३.५ टक्क्यांनी घटत होते. दरसाल साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण हाच वेग वीस वर्षं टिकला तर निम्मे पक्षी गेलेले असतात. वर्षाच्या फरकाएवढी घट डोळ्यांना कळत नाही, म्हणून सलग नोंदी लागतात. पुढे २०१८ मध्ये युरोपीय संघानं इमिडाक्लोप्रिडसह त्याच गटातली, म्हणजे निओनिकोटिनॉइड, तीन औषधं उघड्या शेतात वापरायला बंदी घातली.

पक्षी थेट विषानं मरतो का, तर तेही घडतं. १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनात टोळ-नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारलं गेलं आणि त्या शेतांत स्वेन्सन्स हॉक जातीचे हजारो ससाणे मरून पडलेले मिळाले. उत्तर अमेरिकेतून स्थलांतर करून आलेले हे शिकारी पक्षी तिथे मुख्यतः नाकतोडेच खातात. अशी सामूहिक मर लोकांच्या नजरेत भरते. डच अभ्यासात दिसलेली घट मात्र बिनआवाजाची आहे. तिथे अन्न संपत जाणं हे कारण जास्त संभवतं, आणि शेतात मेलेला पक्षी सापडत नाही म्हणून सगळं ठीक आहे असा समज होतो.

कोरडवाहू

साडेतीन टक्क्यांचा हिशेब समजला. पीकविम्याच्या उंबरठा उत्पन्नात (ज्याच्या खाली पीक गेलं तरच भरपाई मिळते ती पातळी) आम्ही हेच भोगतो, दरवर्षी थोडं थोडं.

रानहळद

कीटकच कमी झालेत का, याचा थेट पुरावा कुणी देईल का? पक्ष्यांवरून कीटकांचा अंदाज बांधायचा आणि कीटकांवरून पक्ष्यांचा, हे गोल गोल फिरणं वाटतंय.

आकडेमोड

थेट पुरावा जर्मनीतून आला. क्रेफेल्डच्या हौशी कीटक अभ्यासकांनी ६३ संरक्षित जागी तंबूसारखे सापळे लावून १९८९ पासून २७ वर्षं उडत्या कीटकांचं वजन मोजलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: हंगामभराच्या सरासरीत ७६ टक्के घट, ऐन उन्हाळ्यात ८२ टक्के. या जागा राखीव होत्या, तिथे कुणी नांगर घातला नव्हता. आजूबाजूच्या शेतीचा परिणाम आतपर्यंत पोचला असावा, असा अभ्यासकांचा तर्क.

आपल्याकडे अशी सलग तीन दशकांची मालिका माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे भारतात तुम्ही म्हणता तशी अडचण आहेच, आणि पक्ष्यांच्या नोंदींना दुप्पट महत्त्व येतं. पण दोन्हीकडे आकडे असलेल्या ठिकाणी बाण एकाच दिशेला जातात. २०२३ मध्ये युरोपातल्या २८ देशांच्या ३७ वर्षांच्या माहितीवर १७० जातींचा अभ्यास आला. शेतजमिनीवरच्या पक्ष्यांची घट ५७ टक्क्यांच्या आसपास, मोठं कारण शेतीतली कीटकनाशकं आणि खतं, आणि सगळ्यात जास्त मार अपृष्ठवंशी प्राणी खाणाऱ्या पक्ष्यांना. उत्तर अमेरिकेत १९७० पासून एकूण पक्षी २९ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे तीन अब्जांनी घटले.

पायवाट

पण युरोपचं गणित दख्खनला जसंच्या तसं लावता येईल का? तिथली शेती दोन पिढ्यांपूर्वीच यंत्रावर गेली. आपल्याकडे अजून कोरडवाहू जमीन, लहान तुकडे, पडीक, माळ, हे सगळं मिसळून आहे.

माळरान

नाही लावता येणार, आणि मला तर आशा तिथेच दिसते. तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत बांध जास्त, कडा जास्त, म्हणून किड्यांना आसरा जास्त. राखी वटवट्याला याचाच फायदा झाला असावा. त्याला लागतं काय? झुडूप, उंच गवत किंवा उभं पीक, आणि पानांवरचे बारीक किडे. घरटं पानं शिवून किंवा गवतात बेचक्यात बांधतो. हे सगळं गावात, शहरात, उसाच्या कडेला मिळतं.

नीलपंखाचं तसं नाही. त्याला टोळ, मोठे भुंगे, शेणकिडे, कधी सरडा असं ऐवजदार खाणं लागतं. ते टिपायला आखूड गवताची उघडी जमीन, बसायला उंच जागा आणि घरट्यासाठी जुन्या झाडातली ढोली. या तीनही गोष्टी एकाच टप्प्यात हव्यात. विजेची तार उंच जागेची उणीव भरून काढते, ढोलीची नाही. म्हणून तारेवर दिसणारा नीलपंख तिथे वीण घालतोच असं नाही, आणि हिवाळ्यात दिसला म्हणून जागा चांगली असंही म्हणता येत नाही.

माळाबद्दल मला मनापासून चीड येते ती याची की सरकारी कागदावर गवताळ माळ 'पडीक' ठरतो. मग तिथे झाडं लावली की काहीतरी चांगलं केल्याचं समाधान मिळतं. पुणे-सोलापूर पट्ट्यात माळांवर ग्लिरिसिडिया हे विदेशी झाड लावलं गेलं. हिरवं दिसतं, पण चंडोल, मोठा राखी खाटीक, रातवा यांच्यासाठी ती जमीन गेली. झाड लावणं सगळीकडे चांगलंच असतं, हा समज आपण पक्षीप्रेमींनी तरी सोडायला हवा.

रातवा

माझं नाव निघालं म्हणून लिहितो :) माळावर रात्री फिरणं हा माझा छंद. एक मुद्दा अजून कुणी मांडला नाही: गुरं.

गुरांमागे पक्षी फिरतात ते दोन कारणांनी. चालताना गवतातले किडे उडतात, ते कोतवाल आणि गायबगळे टिपतात. आणि शेणात किड्यांचं एक अख्खं जग असतं. शेणकिडे, त्यांच्या अळ्या, माशा. हुदहुद आणि साळुंकी शेणाचा पोह चोचीनं उकरतात, ते यासाठी. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले, गायरानं आकसली, राहिलेली जनावरं गोठ्यात बांधून चारा घालायची पद्धत वाढली. शेण उकिरड्यात जातं, माळावर पडत नाही.

शिवाय जंतासाठी जनावरांना देतात त्या आयव्हरमेक्टिनचा अंश शेणात उतरतो आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारतो, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली जनावरं मेल्यावर खाऊन गिधाडं मेली, त्याची आठवण होते. तिथेही जनावराचं औषधच होतं आणि पक्ष्याशी त्याचा काही संबंध असेल असं आधी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

माळरान

गिधाडांची गोष्ट काढलीस ते बरं केलंस. ती घसरण कळली कशी? राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांच्याकडे आधीच्या वर्षांची घरट्यांची मोजणी होती म्हणून. गिधाडं भरपूर होती त्या काळी त्यांची घरटी मोजून ठेवलेली होती, त्यामुळे नव्वदच्या दशकातला फरक आकड्यात मांडता आला. २००४ मध्ये डायक्लोफेनॅक हे कारण सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ च्या तुलनेत अगदी नावाला उरली होती, २००७ पर्यंतची घट ९९.९ टक्के.

कोतवाल, वेडा राघू, साळुंकी आज भरपूर आहेत. मोजायची वेळ हीच.

गच्चीवरून

शहरातल्या पाकोळ्यांबद्दल कुणी सांगेल का? आमच्या जुन्या पेठेत वाड्यांच्या वळचणीला, पुलाखाली त्यांची पिसं-गवताची घरटी झुंबडीनं असायची. वाडे पडून इमारती झाल्या आणि आता थवे कमी दिसतात. अन्न कमी की घर कमी?

रातवा

दोन्ही असू शकतं, आणि निरीक्षणातून ते थोडंफार सुटं करता येतं. घरट्यांची जागा गेली की त्या वस्तीतले थवे एकदम जातात, वाडा पाडला त्या वर्षीच. अन्न कमी झालं तर वस्ती राहते पण पिल्लं कमी उडतात, आणि थवा हळूहळू बारीक होतो. तुमच्या पुलाखालची वस्ती अजून आहे का? असेल तर पावसाआधी आणि पावसानंतर, दोन्ही वेळा संध्याकाळी परतणारे पक्षी मोजा.

हवेत खाणाऱ्या पक्ष्यांची घट इतरत्र चांगली नोंदली गेली आहे. उत्तर अमेरिकेत या गटात १९७० पासून सुमारे ३२ टक्के घट आहे. त्यांचं सगळं खाणं हवेतलं असल्यामुळे किडे कमी झाले तर फळ किंवा दाणा खाऊन भागवायची सोय त्यांना नाही. बुलबुलाला ती आहे.

गच्चीवरून

वस्ती आहे. मोजते.

चातकवाट

वेळेचा मुद्दा माळरान यांनी पहिल्याच प्रतिसादात सोडून दिला होता, तो मी उचलतो.

चातक पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो. तो केसाळ सुरवंट आवडीनं खातो, जे बरेचसे पक्षी टाळतात. पहिल्या पावसानंतर पालवी फुटते आणि सुरवंटांचा सुकाळ होतो. आपल्या बहुतेक कीटकभक्ष्यांची वीण उन्हाळ्याची अखेर ते पावसाळा या काळात असते, ती याच सुकाळाच्या हिशेबानं. आता पाऊस उशिरा आला, किंवा जूनमध्ये एक सर पडून तीन आठवडे खंड पडला, तर पालवी आणि पिल्लांची भूक यांची गाठच पडत नाही.

युरोपात हे नीट मोजलं आहे. नेदरलँड्समधला पाइड फ्लायकॅचर आफ्रिकेतून ठरल्या सुमारास येतो, पण वसंत लवकर यायला लागल्यानं अळ्यांचा भर त्याच्या पिल्लांआधीच ओसरतो. अळ्यांचा भर सगळ्यात लवकर येणाऱ्या जंगलांत हा पक्षी दोन दशकांत ९० टक्के घटला. वर्षभराची बेरीज केली असती तर किडे तिथे होतेच.

आणि हे फक्त कीटकभक्ष्यांचं दुखणं नाही. चिमणी, बया, शिंजीर हे आपण दाणे किंवा मध खाणारे म्हणतो, पण पिल्लांना ते किडेच भरवतात. म्हणून दाण्याचं ताट ठेवून चिमण्या वाढवण्याच्या मोहिमांबद्दल मला फार उत्साह वाटत नाही. अंगणात देशी झुडपं ठेवा, त्यांच्यावर फवारू नका. पिल्लांचं अन्न तिथे तयार होतं.

कोरडवाहू

चातकवाट, तुम्ही म्हणता ते पेरणीलाही लागू आहे. जूनमधल्या पहिल्या सरीवर पेरलं आणि खंड पडला की दुबार पेरणी. म्हणजे औषध चोळलेलं बी जमिनीत दुसऱ्यांदा.

आकडेमोड

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, धन्यवाद. पावसाचा खंड पक्ष्याला दोन बाजूंनी गाठतो तर.

शाळेचीघंटा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून. आम्ही चित्रकला आणि निबंध घेतो. यंदा मोजणी घ्यायचं मनात आहे. मुलांना जमेल आणि तुमच्यासारख्यांनाही उपयोगी पडेल अशी साधी पद्धत सांगाल का? आमच्याकडे एकच दुर्बीण आहे.

माळरान

ताई, दुर्बीण नसली तरी चालेल. कोतवाल, वेडा राघू, साळुंकी, हुदहुद, दयाळ, चीरक, नीलपंख, गायबगळा, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात.

शाळेपासून चालत जाता येईल अशी एकच वाट निवडा, त्यात शेत, बांध आणि थोडा माळ किंवा ओढा येऊ द्या. पक्षी खूप दिसतात म्हणून तळ्याकाठची जागा निवडू नका. नेहमीच्या जमिनीवरचीच माहिती कमी आहे. सकाळी पंधरा मिनिटं चालायचं आणि दिसलेली, ऐकलेली प्रत्येक ओळखीची जात लिहायची, कावळ्यासकट. पूर्ण यादी याचा अर्थ एवढाच. ओळखू न आलेला पक्षी गाळायचा, अंदाजानं नाव लिहायचं नाही. मुलांना हे एकदा नीट समजावलं की ती मोठ्यांपेक्षा प्रामाणिक नोंदी करतात.

नुसत्या पक्षी सप्ताहावर थांबू नका एवढी विनंती. नोव्हेंबरमध्ये पाहुणे पक्षी आलेले असतात आणि आपल्या कीटकभक्ष्यांची वीण उरकलेली असते. तीच वाट जूनच्या शेवटी आणि ऑगस्टमध्ये पुन्हा चाला. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जगभरची पक्षीमोजणी असते, त्यातही याच वाटेची यादी टाकता येईल.

शाळेचीघंटा

आणि एखाद्या दिवशी नीलपंख दिसलाच नाही तर? मुलं हिरमुसतात, मग कुणीतरी "मला दिसला" म्हणून सांगतं.

आकडेमोड

मुलांना वर्गात हिशेब करूनच दाखवा. दहा याद्यांपैकी चार याद्यांत नीलपंख, म्हणजे ४० टक्के. त्या सहा याद्या नसत्या तर चारांवरून काहीच कळलं नसतं. पाच वर्षांनी हाच आकडा १० टक्के झाला की ५० झाला, हे त्या सहांच्या जोरावरच सांगता येईल. पाचवी-सहावीच्या मुलांना टक्केवारी असतेच, गणिताच्या तासाला घ्या.

कोरडवाहू

ताई, वाट शेतातून जाणार असेल तर शेतकऱ्याला आधी सांगा आणि त्या आठवड्यात फवारणी आहे का ते विचारा. फवारलेल्या शेतात मुलांना नेऊ नका. विचाराल तेव्हा पीक कुठलं, शेवटची फवारणी केव्हा, हेही यादीच्या कोपऱ्यात लिहून घ्या. राग मानणार नाही कुणी, उलट गप्पा मारेल.

माळरान

कोरडवाहू, पिकाची आणि फवारणीची नोंद ही फार मोलाची भर आहे. ई-बर्डच्या यादीत शेरा लिहायला जागा असते, तिथे ती टाकता येते. रातव्याचं किंवा टिटवीचं घरटं सापडलं तर मात्र नेमकी जागा उघड लिहू नका, आणि जमिनीवरच्या अंड्यांजवळ मुलांना थांबू देऊ नका.

ज्यांना आपली एक वाट धरायची आहे त्यांनी खाली तालुका आणि जमिनीचा प्रकार लिहा: कोरडवाहू शेत, बागायत, माळ, वस्ती. सध्या माळ दोन आहेत, वस्ती एक (गच्चीवरून यांचा पूल). उसाच्या पट्ट्यातलं आणि कोकणातल्या भातशेतीतलं कुणीच नाही, तिथली माणसं हवीत.

कोरडवाहू

कोरडवाहू शेत, माझं. हरभऱ्यात पक्षीथांबे लावलेला तुकडा आणि न लावलेला तुकडा, दोन्हीच्या वेगळ्या याद्या देतो.